आमची वाटचाल : चोवीसचा बारा करताना

गाड्यांच्या स्टार्टर (इंजिन सुरू करणारी मोटर) आणि आल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) दुरुस्तीचं काम मी आणि मिस्त्रींनी मिळून सुरू केलं. सामान काय, तर एक ग्राउलर (मोटरच्या गुंडाळ्यांतला शॉर्ट शोधायचं चुंबकी यंत्र), एक टेस्ट लॅम्प आणि मिस्त्रींचा कान. आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) ग्राउलरवर ठेवून वर हॅकसॉचं पातं धरलं की शॉर्ट असलेल्या खाचेवर ते थरथरतं. नवीन पोराला मी आजही पहिल्या दिवशी तेच दाखवतो.

तिसऱ्या वर्षी आम्ही जवळजवळ बुडालो होतो, तेच सांगतो. एका साहेबांनी लष्करातून निघालेला शेवरलेचा सीयूसीव्ही (अमेरिकी लष्करासाठी केलेली गाडी) आणला, ६.२ लिटर डिझेलवाला. त्यात गंमत अशी की लाइट-बिट बहुतेक १२ व्होल्टवर, पण स्टार्टर २४ चा, त्यासाठी दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये आणि आल्टरनेटरही दोन. साहेब म्हणाले, सगळं १२ वर आणा. याच इंजिनाचा साध्या गाडीतला १२ चा स्टार्टर तिथे बसतो, म्हणून आम्ही खुशीत. बॅटऱ्या पॅरलल केल्या, जाड केबल ओढली (तेवढ्याच ताकदीला करंट दुप्पट लागतो, जुनी केबल ठेवाल तर स्टार्टर रडतच फिरणार), एक आल्टरनेटर काढला. गाडी हाफ सेल्फवर सुरू.

थंडी पडली आणि गाडी बंद. साहेब सेल्फ मारत बसले, एकेका वेळी मिनिटभर, स्टार्टर जळाला. आम्ही स्वतःच्या खिशातून दुसरा बसवला, आठ दिवसांत तोही गेला. एवढ्यात शेजारच्या गल्लीतल्या एकाने बोंब उठवली की हे लोक हलका माल लावतात. स्वतः हा माणूस २४ च्या गाडीत एकाच बॅटरीवरून १२ चा टॅप (मधूनच काढलेली जोडणी) काढून द्यायचा, मग एक बॅटरी सतत कमी चार्ज होऊन मरायची आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळायची, त्याबद्दल मात्र कोणी काही बोललं नाही. आमच्याकडची गिऱ्हाइकं एकामागून एक त्याच्याकडे गेली, दोन महिन्यांचं भाडं थकलं, मिस्त्री म्हणाले मी गावी जातो.

पण साहेबांनी गाडी हलवली नाही. म्हणाले, तुम्हीच बिघडवली, तुम्हीच शोधा. त्या रात्री मिस्त्रींनी ग्लो प्लगच्या (थंडीत डिझेल पेटावं म्हणून सिलिंडर तापवणारी कांडी) वायरला टेस्ट लॅम्प लावला तर फिलामेंट नुसतं लालसर, उजेड नाहीच. वायर धरून मागे फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधली भिंत) गेलो तर तिथे रेझिस्टर. ग्लो प्लग मुळात १२ चेच, २४ चे १२ करून त्यांना द्यायचं काम त्या रेझिस्टरचं. आता वरूनच १२ येत होते, त्यातले अर्धे तो खायचा, म्हणजे प्लगला सहाच्या आसपास, आणि व्होल्टेज अर्धं झालं की उष्णता पाव. स्टार्टर बिचारा विनाकारण बदनाम झाला! रेझिस्टर बायपास केला आणि पहाटे गारठ्यात इंजिन पहिल्या झटक्यात उठलं. मिस्त्री गावी गेले नाहीत.

त्यानंतरची वर्षं बरी गेली, त्यात विशेष काही नाही.

आता कोणी विचारलं नसलं तरी सांगतो. ६.२ च्या स्टार्टरला ब्रशच्या टोकाकडे आधाराचा ब्रॅकेट असतो, "राहू दे, दोन बोल्टवर धरतो" म्हणून तो टाकून देऊ नका, पुढचा नोज (स्टार्टरचं तोंडाकडचं कव्हर) तुटतो, अशा तुटलेल्या नोजांची आमच्याकडे पेटी भरलीये. पिनियन (स्टार्टरचं दातेरी चाक) आणि रिंग गिअरमध्ये (ते फिरवतं ते इंजिनचं मोठं दातेरी चाक) अर्ध्या मिलिमीटरची तार जायला हवी, नसेल तर शिम (पातळ पट्टी) घाला. बॅटऱ्या पॅरलल करताना दोन्ही एकाच मापाच्या, एकाच वयाच्या घ्या. सेल्फ मारताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं स्टार्टरच्या स्टडवर धरा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर स्टार्टर उतरवण्याआधी केबल आणि लग (केबलच्या टोकाची कडी) बघा. अर्थिंगच्या (निगेटिव्ह) बाजूचंही तसंच. आणि सेल्फ दहा सेकंद, मग मोटर गार होऊ द्या, साहेबांसारखं करू नका.

साहेब अजून येतात. त्यांच्या गाडीला पुढे लष्करी स्लेव्ह सॉकेट आहे, दुसऱ्या गाडीवरून २४ व्होल्ट घेऊन स्टार्ट करायचं. आता कोणी भल्या मनाने तिथे २४ लावले तर १२ चा स्टार्टर, आल्टरनेटर, बल्ब सगळ्याची राख होईल. मी काढतो म्हटलं, साहेब काढू देईनात, म्हणे शान जाते. शेवटी मिस्त्रींनी मागची केबल काढून टेप गुंडाळला आणि सॉकेट तसंच ठेवलं. साहेबांना अजून सांगितलेलं नाही.