खांबावरची पाटी

शुक्रवार, ६ जून २०२५

आईला बर्लिनला येऊन आज पाच आठवडे झाले. व्हिसा नव्वद दिवसांचा. कॅलेंडरवर रोज एक फुली पडते आणि ती माझ्याने बघवत नाही. थंडी, पाव, चार मजल्यांचा जिना, सगळं तिने निभावून नेलं. जड जाते ती संध्याकाळ. सात वाजले की तिचा हात काडेपेटीकडे जातो आणि बाहेर तर लख्ख ऊन. सूर्य मावळेपर्यंत सव्वानऊ उलटून जातात. सुरुवातीला दिवा लावायला ती अंधार पडायची वाट बघत बसायची. मग एक दिवस म्हणाली, "देवाला माहीत असेल आपण कुठे आलोय ते," आणि सातलाच दिवा लावला. आता लेक 'शुभं करोति' म्हणते तेव्हा तिच्या तोंडावर ऊन पडलेलं असतं. मला ते फार आवडतं.

लेक सात वर्षांची, पहिलीचं वर्ष संपत आलंय. अक्षराला अक्षर जोडून जर्मन वाचायचं वेड लागलंय तिला. औषधांची खोकी, दह्याचे डबे, यू-बान मेट्रोचे दरवाजे, काही सोडत नाही. जिन्यात इमारतीच्या नियमांची पाटी आहे: दुपारी शांतता पाळावी, अंगणात चेंडू खेळण्यास मनाई. त्यातला 'उंटरझाग्ट' हा शब्द तिने उचलला. उंटरझाग्ट म्हणजे मनाई. जेवताना फोन बघणाऱ्या बाबाला दिवसातून दहा वेळा ऐकवते, "उंटरझाग्ट!"

शनिवार, ७ जून

रविवारी दुकानं बंद असतातच, त्यात सोमवारी फिंगस्टन या ख्रिस्ती सणाची सुट्टी. त्यामुळे आज सुपरमार्केटात ही गर्दी. रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन लेक आणि आजी मशीनसमोर उभ्या राहिल्या. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीचे २५ सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीचे ८. बाटली आत ढकलायची, मशीन ती फिरवून बघतं आणि शेवटी चिठ्ठी देतं. ती चिठ्ठी गल्ल्यावर दिली की बिलातून तेवढे पैसे वजा. बागेतल्या कचऱ्याच्या डब्याशेजारी लोक रिकाम्या बाटल्या खाली उभ्या करून ठेवतात. आईने विचारलं तेव्हा सांगितलं, बाटल्या गोळा करून पोट भरणाऱ्या माणसाला डब्यात हात घालावा लागू नये म्हणून. तेव्हापासून तीही डब्यात बाटली टाकत नाही.

येताना लांबच्या रस्त्याने आलो. आमचं घर शोनेबेर्गमध्ये, बायरिशर प्लात्सपासून पाच-सात मिनिटांवर. दोन्ही बाजूंना लिंडेनची झाडं, जुन्या उंच इमारती, खाली बेकरी, फुलांचं दुकान. आईने दिव्याच्या खांबावर वर लावलेल्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर पावाचं चित्र. "इथे पुढे पावाचं दुकान असणार," ती म्हणाली. "ती ताजा पाव मिळतो म्हणून सांगणारी खूण."

आम्ही इथे दीड वर्ष राहतोय. त्या खांबाखालून मी शेकडो वेळा गेलेय आणि मलाही तसंच वाटत होतं. चित्रं साधी, रंगीत, बालवाडीच्या भिंतीवर शोभतील अशी. आज लेकीने खांबाला वळसा घातला आणि पाटीची मागची बाजू मोठ्याने वाचायला घेतली. अडखळत वाचत होती, म्हणून मला मधेच थांबवता आलं नाही. 'बर्लिनमधील ज्यूंना अन्नपदार्थ फक्त दुपारी ४ ते ५ या वेळेत खरेदी करता येतील. ४.७.१९४०.'

तिला चार ते पाच एवढंच कळलं. "आपण आत्ता किती वाजता घेतला पाव?" तिने विचारलं. सव्वाअकरा झाले होते.

रविवार, ८ जून

रात्री बराच वेळ वाचत बसले. या वस्तीत अशा ऐंशी पाट्या आहेत. रेनाटा स्टिह आणि फ्रीडर श्नॉक या दोन कलाकारांनी केलेलं हे स्मारक १९९३ साली उभं राहिलं. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला नाझी काळातला एखादा कायदा किंवा हुकूम, बहुतेकांवर तारखेसह. १९३३ मध्ये शोनेबेर्गमध्ये सुमारे १६,००० ज्यू राहत होते. डॉक्टर, वकील, दुकानदार. आइन्स्टाइन इथल्याच हाबरलांडश्ट्रासेवर राहायचे.

दुपारी आई आणि लेक घरी झोपल्या आणि मी नवऱ्याबरोबर नुसत्या पाट्या बघायला बाहेर पडले. मांजराचं चित्र: ज्यूंना पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत, १९४२. बाकाचं चित्र: बायरिशर प्लात्सवर फक्त पिवळी खूण केलेल्या बाकांवर बसायचं, १९३९. आईला घेऊन आम्ही संध्याकाळी ज्या बाकांवर बसतो ती हीच बाग.

गॅस चेंबर किंवा काटेरी तार यातल्या एकाही पाटीवर दिसली नाही. पाव, मांजर, बाक. सगळी भाषा ऑफिसातली, कोरडी, पूर्णविरामापर्यंत नीट लिहिलेली. व्हिसाच्या कागदांमुळे ती भाषा मी आता रोज वाचते, म्हणून जास्त लागली. हे सगळं एका दिवसात घडलं नाही इथे. आज बाक गेला, मग खरेदीची वेळ गेली, मग मांजर. शेजारी बघत होते आणि त्यांची खरेदी त्यांना हव्या त्या वेळी चालू होती.

आणि मग ठिकरी. खडूने आखलेली घरं, आईने लेकीला अंगणात शिकवली अगदी तशीच. मागे लिहिलंय: आर्य आणि अनार्य मुलांना एकत्र खेळण्यास मनाई करण्यात येत आहे, १९३८. मनाईसाठी शब्द तोच. उंटरझाग्ट.

नवऱ्याचं म्हणणं, लेक अजून लहान आहे, त्या रस्त्याने तिला न्यायचं नाही काही दिवस. मला ते पटलं नाही. शाळेची वाट तीच आहे आणि ती आता वाचते.

सोमवार, ९ जून

राइशटागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीच्या, काचेच्या घुमटाचं बुकिंग आधीच केलेलं होतं. प्रवेशाला पैसे नाहीत, फक्त नावं आधी नोंदवावी लागतात. नॉर्मन फोस्टरने बांधलेला हा घुमट १९९९ पासून लोकांसाठी खुला आहे. गोल गोल चढत जायचं, मधोमध आरशांचा मोठा शंकू आणि खाली काचेतून संसदेचं सभागृह. आई गुडघे दुखत असताना वरपर्यंत चढली. "लोक वर आणि सरकार खाली," म्हणाली, "हे बरं केलं यांनी." वारा मस्त होता. येताना शंभर नंबरच्या बसने सगळं शहर पुन्हा एकदा बघितलं.

बसमध्ये लेक गप्प होती. उतरताना म्हणाली, "आजी, तो पाववाला नियम अजून आहे का?"

मंगळवार, १० जून

आज मी लेकीला ठिकरीच्या पाटीपाशी नेलं. आईही बरोबर होती. वाचायचं असेल तर वाच, म्हटलं. तिने वाचलं. मी मराठीत सांगितलं. तेव्हाच्या सरकारने माणसांचे दोन गट केले, ते खोटे होते, आणि त्यापायी पुढे खूप माणसं मारली. मारली हा शब्द मी वापरला. दुसरा कुठला वापरायचा?

'आर्य' ऐकल्यावर आईचा चेहरा बदलला. आपल्याकडे मुलाचं नाव ठेवतात हे. तिच्या शेजारणीच्या नातवाचं आहे. "आपला शब्द," एवढंच म्हणाली, आणि पदराने चष्मा पुसला.

लेकीने विचारलं, "मुलांनी ऐकलं का मग? खेळायचं बंद केलं?" काहींनी केलं असेल, काहीजण चोरून खेळले असतील. "मी ऐकलं नसतं," ती म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. ऐकलं नसतं असं मलाही माझ्याबद्दल म्हणायचंय, पण परक्या देशात कागदांवर जगताना मी किती सह्या न वाचता करते ते मला माहीत आहे.

गुरुवार, १२ जून

दुपारचा चहा झाला की चारच्या सुमाराला पाव आणायला जाणं हे आल्यापासून आईचं काम. नातीला घेऊन जाते, बेकरीतल्या बाईला बोटांनी दोन दाखवते, 'डांके' म्हणते. आज सकाळी आठलाच चपला घालून दारात उभी होती. मी विचारलं, एवढ्या लवकर कुठे?

"पाव आणते," म्हणाली. "आता चारला नको वाटतं."