नोंदीत नसलेला बंगला आणि एका फोटोमोंताजची वाटचाल

ओस पडलेल्या वास्तूचे आजचे छायाचित्र आणि त्याच वास्तूत कधीकाळी काढलेले जुने छायाचित्र यांची एका चौकटीत सांधणी करण्याचे, म्हणजे फोटोमोंताजचे, काम मी गेली काही वर्षे जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत करतो आहे. बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंग, माणसे शहरात गेल्यामुळे कुलूप लागलेले वाडे, माळवद खचलेली धाब्याची घरे असे या कामाला लागणारे साहित्य खान्देशात गावोगावी आहे, आणि खासगी मालकांनी मला बहुतेक वेळा चहा पाजून, किल्ली हातात देऊन आत सोडले आहे. गिरणाकाठच्या एका सरकारी बंगल्याचा अनुभव मात्र निराळा आहे. तेथे आत पाऊल ठेवण्याच्या परवानगीत जो काळ गेला, त्याने एक अख्खा हिवाळा आणि पडवीचा एक भाग कायमचा नेला. त्याचा राग अजून पूर्ण शमलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

माझे आजोबा या बंगल्यावर चौकीदार होते. तेथे मुक्कामाला आलेल्या एका साहेबाने स्वतःच्या कॅमेऱ्याने काढलेला एक फोटो त्यांना पुढे टपालाने पाठवला होता आणि तो आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत राहिला. सहा बाय नऊ सेंटिमीटरचा, निगेटिव्हवरून थेट काढलेला तो ठसा आहे. मागे शाईने जानेवारी १९५१ असे लिहिले आहे. मध्यभागी वेताच्या खुर्च्यांवर साहेबाचे कुटुंब बसले आहे आणि अगदी डाव्या कडेला, खांबाला लागून, आजोबा उभे आहेत. चौकटीत त्यांचा उजवा हात कोपरापाशी कापला गेला आहे. मला नेमके एवढेच करायचे होते: आजच्या बंगल्याचे रुंद छायाचित्र घ्यायचे, जुना फोटो त्यात त्याच्या जागी बसवायचा आणि चौकट डावीकडे इतकी वाढवायची की आजोबा चित्राच्या मध्यावर येतील. साहेबाचे कुटुंब तसेच राहील, कोणाला पुसायचे नाही. फक्त चित्राचा मध्य बदलायचा.

या प्रकारच्या कामात पहिला प्रश्न प्रकाशाचा असतो. बंगल्याची पडवी दक्षिणाभिमुख आहे. फोटोत खांबांच्या सावल्या डावीकडे आणि आत कललेल्या आहेत, म्हणजे सूर्य फोटो काढणाऱ्याच्या उजव्या खांद्यामागे, आग्नेयेला होता. आपल्याकडे अक्षांश २१ अंशांच्या आसपास असल्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या पडवीत ऊन खोलवर शिरते. मेच्या अखेरीस तोच सूर्य थेट डोक्यावर येतो आणि पागोळीच्या आत उन्हाची तिरीपही जात नाही. म्हणून हे छायाचित्र फार तर मार्गशीर्ष ते माघ एवढ्याच काळात घेता येणार होते. संगणकावर खोटी सावली रंगवता येते, हे मला ठाऊक आहे. पण तशी सावली पाहणाऱ्याच्या डोळ्यांना खुपते आणि आजोबांच्या फोटोत मला ती नको होती.

हे सर्व लक्षात घेऊनच मी दिवाळी होताच अर्ज केला. बंगला ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे, त्याचे नाव लिहीत नाही. अर्जात हेतू, तारखा, सोबत येणाऱ्या एका मित्राचे नाव आणि ओळखपत्रांच्या प्रती असे सगळे होते. आवक शिक्का मारून पोच मिळाली, आणि त्यानंतर अर्ज कोठे गेला हे कोणालाही सांगता येईना. कधी साहेब दौऱ्यावर असत, कधी टेबल बदललेले असे, कधी ‘फाईल वर गेली आहे’ एवढेच उत्तर मिळे. तेथील लिपिक उद्धट नव्हते, हे मुद्दाम नोंदवतो. त्यांनी मला दर वेळी बसायला खुर्ची दिली. परंतु माझ्या अर्जात नेमके काय अडले आहे, हे सांगण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. एकाने चित्रपटाच्या चित्रीकरणाचे नियम काढून दाखवले आणि अनामत रक्कम भरावी लागेल असे सुचवले. दुसऱ्याने सांगितले की इमारत पाडण्याच्या तक्रारीसाठी फोटो हवे असतील तर तसे स्पष्ट लिहून द्या. जुना फोटो नव्या फोटोत बसवायचा आहे, हे मी घरून त्याची प्रत नेऊन, टेबलावर ठेवून समजावले. सर्वांनी तो कौतुकाने पाहिला. फाईल हलली नाही.

संक्रांत झाली तेव्हा मात्र माझा धीर सुटला. खिडकीतून येणारे ऊन रोज थोडे मागे सरकताना दिसत होते आणि दर आठवड्याला माझे छायाचित्र माझ्यापासून दूर जात होते. शेवटी मी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज केला. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे लागते आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. या कायद्याने परवानगी मिळत नाही, पण आपल्या अर्जावर काय लिहिले गेले आहे ते पाहता येते. म्हणून ‘परवानगी का दिली नाही’ असा प्रश्न न विचारता ‘माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील सर्व टिपण्या आणि शेरे यांच्या प्रती द्याव्यात, तसेच नस्तीचे अवलोकन करू द्यावे’ अशीच मागणी करावी. ‘का’ला उत्तर टाळता येते, कागदाची प्रत टाळणे कठीण असते.

नस्ती, म्हणजे ती फाईल, समोर आली आणि सगळा उलगडा एका ओळीत झाला. अगदी सुरुवातीच्या टिपणीतच लिहिले होते की सदर इमारत पूर्वीच निर्लेखित झालेली असून कार्यालयाच्या इमारत नोंदवहीत अस्तित्वात नाही, सबब निर्णयार्थ सादर. इमारत धोकादायक किंवा निरुपयोगी ठरली की ती नोंदीतून कमी केली जाते, मग ती पाडून साहित्याचा लिलाव व्हायचा असतो. येथे कागदावरची इमारत गेली आणि पुढचा लिलाव झालाच नाही. मी लिपिकांना विचारले, तेव्हा त्यांनी अगदी सरळपणे सांगितले, “दादा, जी इमारत आमच्या रजिस्टरलाच नाही, तिच्यात जायची परवानगी आम्ही कशी देणार?” मी विचारले, “मग फाटकाला कुलूप कोणाचे आहे?” ते म्हणाले, “कुलूप आमचेच आहे. जागा आमची आहे ना.”

मार्ग या उत्तरातच होता आणि तो दाखवायला त्या कार्यालयातील एकाही माणसाला इतके महिने लागायला नको होते. जागा त्यांची आहे, म्हणजे जागेत प्रवेशाची परवानगी ते देऊ शकतात. मी त्या जमिनीचा सातबारा उतारा काढला, नवा अर्ज केला आणि त्यात इमारतीचा उल्लेख न करता अमुक गट क्रमांकाच्या शासकीय जागेत, अमुक कालावधीत, दिवसाउजेडी, स्थिर छायाचित्रणासाठी प्रवेश मिळावा एवढेच मागितले. काही इजा झाल्यास जबाबदारी माझी राहील, कशालाही हात लावणार नाही आणि कोणतेही साहित्य हलवणार नाही, असे हमीपत्र जोडले. हा अर्ज फारसा न थांबता मंजूर झाला. एव्हाना वैशाख लागला होता आणि पडवीत ऊन येणे केव्हाच बंद झाले होते.

त्या पावसाळ्यात पडवीचे पूर्वेकडचे टोक मंगळुरी कौलांसह खाली आले. फोटोतल्या लहान मुलाच्या मागे जी खिडकी दिसते, तिच्यावरचे छत आता नाही. ज्या दिवशी मी ते पाहिले, त्या दिवशी मला रडू आवरले नाही. वेळेवर उत्तर मिळाले असते तर ते छत निदान माझ्या छायाचित्रात राहिले असते.

परवानगीची मुदत वाढवून घेणे सोपे गेले, कारण आधीचा आदेश हाती होता. मंजुरी मिळाल्यावर तिची प्रत ग्रामपंचायतीत आणि जवळच्या वस्तीवर दाखवून ठेवावी, असे येथे सुचवतो. ओस जागेत दोन अनोळखी माणसे तिपाई घेऊन शिरलेली दिसली की गावाला शंका येते आणि ती योग्यच आहे. गुप्तधन शोधणारे लोक अशाच जागा खणत असतात.

पौषातल्या एका सकाळी आम्ही आत गेलो. कॅमेरा ठेवायची जागा मी जुन्या फोटोच्या मोठ्या प्रतीवरून शोधली: दोन खांबांमधले अंतर, जोत्याची कड आणि मागच्या दाराची चौकट ही तिन्ही जेथून फोटोतल्यासारखी जुळतात तीच जागा. उंचीबाबत अनेकजण फसतात, म्हणून हे विस्ताराने सांगतो. त्या काळचे पेटी-कॅमेरे कमरेपाशी धरून वरून काचेत पाहायचे असत, त्यामुळे त्या छायाचित्रांची नजर साधारण तीन फुटांवर असते. आपण डोळ्याच्या उंचीवरून फोटो घेतला तर जुनी माणसे नव्या जमिनीवर उभीच राहत नाहीत, तरंगताना दिसतात. मी तिपाई खाली करत नेली आणि जोत्याची रेघ फोटोतल्या रेघेवर बसली, त्या क्षणी पडद्यावर बंगला १९५१ च्या कोनात आला. सकाळी दहाच्या सुमारास खांबांच्या सावल्या जागेवर आल्या, तेव्हा मागच्या सगळ्या महिन्यांचा शीण उतरला.

जुन्या ठशाचे स्कॅनिंग मी अर्जाच्या काळातच उरकले होते. इतक्या लहान ठशाला इंचाला १२०० बिंदूंची घनता ठेवावी, म्हणजे सुमारे २८०० बाय ४२०० बिंदूंची प्रतिमा मिळते. मागची बाजूही स्कॅन करावी. काळ्या भागांवर रुपेरी झाक आली असेल तर स्कॅनरमध्ये ती निळसर चकाकते, अशा वेळी फोटो सपाट ठेवून दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे लावून कॅमेऱ्यानेच प्रत घ्यावी. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून सोडवू नये. काचेसकट त्याची प्रत घ्यावी. अल्बमच्या पानाला चिकटवलेल्या फोटोंनाही हाच नियम.

सांधणी करताना नव्या छायाचित्राला जुन्याकडे न्यावे, जुन्याला नव्याकडे आणू नये. जुन्या ठशातला काळा रंग खरोखर काळा नसतो, तपकिरी असतो आणि पांढरा पिवळसर असतो. मी नव्या छायाचित्रातील काळ्या-पांढऱ्याची टोके तेवढीच मंद केली, जुन्या ठशाइतके दाणे त्यावर चढवले आणि जोडाच्या कडेला मास्क (कोणत्या फोटोचा किती भाग दिसावा हे ठरवणारा थर) अतिशय मऊ ठेवला. सर्वाधिक वेळ आजोबांच्या पायांपाशी गेला. चपला आणि फरशी यांच्यामधली बोटभर गडद सावली नीट जमली नाही तर बाकीचे सगळे व्यर्थ असते. त्यांचा कापला गेलेला हात मी पूर्ण केला नाही. जुना फोटो जेथे संपतो तेथे कोपर संपतो, त्यापलीकडे आजची तडा गेलेली भिंत सुरू होते, आणि ती कड मी दिसू दिली आहे.

चाळीसगावला केकी मूस (१९१२–१९८९) यांचे कलादालन आहे. या प्रकारचे काम करू इच्छिणाऱ्याने ते अवश्य पाहावे. टेबलावर किरकोळ वस्तू मांडून त्यांनी जी दृश्ये छायाचित्रांत उभी केली आहेत, ती पाहिल्यावर रचलेले छायाचित्र किती प्रामाणिक असू शकते याची खात्री पटते आणि प्रकाशाच्या दिशेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

दुसऱ्यांच्या घरचे फोटो वापरताना लेखी संमती घ्यावी. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम २५ नुसार छायाचित्रावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो, आणि कलम १७ नुसार मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे स्टुडिओत पैसे देऊन बसलेल्या कुटुंबाला विचारणे कायद्यानेही योग्य आणि माणुसकीनेही. पडक्या जागेत एकट्याने जाऊ नये, जाड तळव्याचे बूट घालावेत, आणि आत शिरण्याआधी छताखाली आग्या मोहोळ आहे का ते बाहेरूनच पाहून घ्यावे. आम्हाला मागच्या खोलीत ते आढळले आणि आम्ही ती खोली सोडून दिली.

छापील प्रत मी कापसाच्या लगद्याच्या, चकाकी नसलेल्या कागदावर काढून घेतली आणि पहिल्यांदा आत्याला नेऊन दाखवली. तिने चष्मा पुसला, बोट थेट मध्यावर ठेवले आणि म्हणाली, “हाऊ ते मन्हा बाप शे.” साहेबाच्या कुटुंबाबद्दल तिने नंतर विचारले.

त्याच आवारात बंगल्यामागे नोकरांच्या खोल्यांची एक ओळ आहे आणि आत्याचे बालपण तेथे गेले आहे. तिच्याकडून त्या खोल्यांसमोरचा एक फोटो मिळाला आहे. या खेपेस मी गणपती बसण्याआधीच, गट क्रमांक लिहून, सातबारा आणि हमीपत्रासह अर्ज दाखल केला असून जुन्या मंजुरीची प्रत वरच जोडली आहे.