लॉगआऊट केलं की गाणी बंद : माझा अनुभव

हॉलमधल्या जुन्या पीसीवर डेबियन 12 (लिनक्स) आणि नोम डेस्कटॉप आहे, स्पीकर वायरने जोडलेत, एमपीडी (गाणी वाजवणारा प्रोग्राम) माझ्याच युजरखाली सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) युजर सर्व्हिस म्हणून चालतं आणि गाणी मोबाईलवरून बदलायची. सगळं मस्त, फक्त लॉगआऊट केलं की आवाज गायब, आणि थोड्या वेळाने मोबाईलचं कनेक्शनपण तुटायचं. हे "थोड्या वेळाने" महत्त्वाचं निघालं. शेवटचं सेशन संपलं की सिस्टमडी डीफॉल्टने 10 सेकंद थांबतं आणि मग युजर मॅनेजर (त्या युजरच्या सर्व्हिसेस सांभाळणारा सिस्टमडीचा भाग) बंद करतं, त्याच्याबरोबर एमपीडी, पाईपवायर (आवाज साउंड कार्डपर्यंत नेणारा), वायरप्लंबर (पाईपवायरसाठी कार्ड सांभाळणारा) सगळेच गेले. यावर उपाय सोपा, लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर ही कमांड, म्हणजे लॉगआऊटनंतरही युजर मॅनेजर चालूच राहतो.

ते केलं. आता लॉगआऊटनंतरही मोबाईल जोडलेला, गाण्याचे सेकंद पुढे सरकतायत, पण आवाज शून्य! घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना. मग एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरून) आत शिरून डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस (वायरप्लंबरची स्थिती दाखवणारी कमांड) बघितलं तर साउंड कार्डच नाही, नुसतं डमी आउटपुट, म्हणजे गाणं वाजत होतं पण हवेत. साउंडच्या डिव्हाइस फाईलवर गेटफॅकल (फाईल कोणाला वापरता येते ते दाखवणारी कमांड) मारलं तेव्हा उलगडा झाला. लॉगिन असताना तिथे माझ्या नावाची रीड-राईटची ओळ असते, आता तिच्या जागी डेबियन-जीडीएम! लॉगिन स्क्रीन हासुद्धा एक युजरच, आणि स्क्रीनसमोर ज्याचं सेशन चालू त्यालाच लॉगिनडी (सिस्टमडीचा लॉगिन सेशन सांभाळणारा भाग) कार्ड देतं. म्हणजे सर्व्हिस जिवंत ठेवणं वेगळं आणि तिला कार्ड मिळणं वेगळं, लिंगरने फक्त पहिलं काम होतं.

मग स्वतःला ऑडिओ ग्रुपमध्ये (यातल्या युजरला सेशन नसलं तरी कार्ड वापरता येतं) टाकलं, लॉगआऊट-लॉगिन केलं. ढिम्म फरक नाही. गंमत म्हणजे एसएसएचमध्ये आयडी (युजरचे ग्रुप दाखवणारी कमांड) टाईप केलं तर ऑडिओ ग्रुप दिसतो आणि नोमच्या टर्मिनलमध्ये दिसत नाही, एकच मशीन, एकच युजर! कारण परत लिंगरच, युजर मॅनेजर आता लॉगआऊटने मरतच नाही त्यामुळे तो जुनेच ग्रुप धरून बसलेला, आणि नोमचं टर्मिनल त्याच्याच पोटातून सुरू होतं. सरळ रीबूट मारला आणि लॉगिन स्क्रीनवर असतानाच मोबाईलवरून गाणं लावलं, खणखणीत वाजलं.

फुकट काहीच मिळत नाही म्हणा. माझं गाणं चालू असताना दादाने त्याच्या अकाउंटला लॉगिन केलं तर त्याच्या व्हिडिओला आवाज येत नाही, कार्ड माझ्या पाईपवायरने अडवलेलं असतं. गाणं पॉज केलं की 5 सेकंदांनी वायरप्लंबर ते सोडतं, तेवढं तो मला ओरडून सांगतो. ब्लूटूथ हेडफोन मात्र लॉगआऊटला अजूनही तुटतो, कारण कोणतं सेशन चालू आहे यावर ब्लूटूथसाठी वायरप्लंबरची स्वतःची वेगळी नजर असते. कॉन्फिगमधून ती बंद करता येते पण आपले स्पीकर वायरचे, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.