सोलापूरहून कोकण: घाट, तिथी आणि समुद्र

नाताळची सुट्टी लागली की सोलापुरातून रत्नागिरीकडे गाड्या निघतात आणि त्यातल्या बऱ्याच एका दमात किनारा गाठायला बघतात. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, तिथून रत्नागिरी आणखी सव्वाशेच्या वर. अंतर एका दिवसात उरकतं, हे खरं. पण डिसेंबरात दिवस लहान असतो. वाटेत अंबाबाईचं दर्शन आणि जेवण झालं की आंबा घाट अंधारात उतरावा लागतो, तोही दिवसभर गाडी चालवून थकलेल्या माणसाला. म्हणून पहिला मुक्काम घाटमाथ्यावर, आंबा गावातच करावा. गर्द जंगल, स्वच्छ हवा, आणि सकाळी ताज्या डोक्याने घाट. सुट्टी तिथूनच सुरू होते.

आपल्याकडे रस्ता सपाट, त्यामुळे उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवायची सवय लागते. घाटात तीच नडते. ब्रेक तापले की आधी जळका वास येतो, मग पॅडल दाबूनही गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. साधा नियम असा, की ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे बहुतेक वेळ दुसरा, मोकळ्या भागात तिसरा. न्यूट्रल अजिबात नको. चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. वास आलाच तर रुंद जागा बघून थांबा, गाडी गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा आणि वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते. आणि पहाटे निघायची घाई नको. थंडीत घाटात धुकं असतं, ते विरलं की निघावं.

सामानाबद्दल दोन गोष्टी. सोलापुरी चादर घ्याच, घाटमाथ्यावरच्या रात्री ती लागते. टर्किश टॉवेल मात्र घरी ठेवा. आपल्या कोरड्या हवेत तो तासाभरात वाळतो, किनाऱ्यावरच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो आणि कुबट वास मारतो. पातळ पंचे न्या, माणशी दोन. शेंगाची चटणी प्रवासात उत्तम टिकते. कडक भाकरी पण टिकते, पण किनाऱ्यावर उघडी राहिली तर एका रात्रीत सादळते, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा.

आता खरी गोष्ट. कोकणातला दिवस घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर आखायचा असतो, आणि त्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. एकादशीला सव्वाआठ. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, आणि रोज हे सगळं पाऊण-एक तास पुढे सरकतं. हे गणित मुंबईकडे जास्त जुळतं. रत्नागिरीकडे पाणी थोडं आधी चढतं, म्हणून अर्धा-पाऊण तास अलीकडचा धरा. नक्की वेळ गावातल्या मच्छीमाराला विचारली की झालं.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार सगळ्यात कमी. सुट्टी निवडायला वाव असेल तर पौर्णिमा-अमावास्येजवळचे दिवस घ्यावेत, असं माझं ठाम मत. तेव्हा भरती दुपारच्या आधी पूर्ण होते आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी लांब ओसरलेलं असतं. सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो. आरे-वारेच्या किनाऱ्यावर ओल्या, कठीण वाळूवरून मैलभर चालत जाता येतं. भांगाच्या दिवसांत त्याच वेळी पाणी वर आलेलं असतं आणि कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय रुततात.

पण ही ओसरती संध्याकाळ चालण्यासाठी आहे, पोहण्यासाठी नाही. डुंबायचं ते सकाळी, पाणी चढत असताना. उधाणानंतरची ओहोटी माणसाला आत ओढते. आपल्याकडचे बहुतेक जण विहिरीत पोहायला शिकलेले. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही, त्यामुळे इथे अंदाज चुकतो. गणपतीपुळ्याला बुडण्याच्या घटना घडलेल्या आहेत, तिथे पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या पुढे जाऊ नये. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा शांत दिसतोय, तर तो पट्टा टाळा. पाणी तिथूनच आत परततं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, ओढ संपली की मग किनाऱ्याकडे वळा. भाट्याला काजळी नदीच्या मुखाजवळही ओहोटीत उतरू नये.

उन्हं तापल्यावर रत्नागिरी शहर बघा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे ठेवलं होतं, त्याचा राजवाडा आणि टिळकांचं जन्मस्थान दोन्ही गावातच. भगवती किल्ल्याच्या एका अंगाला काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला पांढरा. वाळूचा रंग खरंच बदलतो, दोन्हीकडची मूठभर वाळू शेजारी ठेवून मुलांना दाखवा.

डिसेंबरात हापूस मिळेल ही आशा सोडा, तेव्हा झाडांना जेमतेम मोहर असतो. मासे मात्र भरपूर. बांगडा स्वस्त आणि ताजा, सुरमईचा भाव एकतीस डिसेंबरच्या आसपास चढतो. शाकाहारी मंडळींनी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ मागावी, सोबत सोलकढी.

परतीला घाट दुपारच्या आत चढा, म्हणजे रात्रीच्या जेवणाला सोलापूर. मुलांच्या शाळेची अडचण नसेल तर एकतीस डिसेंबरची गर्दी टाळून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जा, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आधी घरी पोचता येतं. आणि दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, चाकांच्या आतली बाजू आणि सायलेन्सर विशेषकरून. खारट वाळू तिथेच अडकते आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दिसायला लागतो.