दिवा लावणाऱ्याची गोष्ट

अमेरिकेतील एका छोट्या लष्करी संग्रहालयात मी जुनी विद्युत उपकरणे तपासण्याचे आणि जपण्याचे काम करते. गेल्या हिवाळ्यात माझ्या टेबलावर कोरियन युद्धाच्या काळातला एक स्नायपरस्कोप आला. १९४५ मध्ये ओकिनावा बेटावर, रात्री सरपटत जवळ येणाऱ्या जपानी सैनिकांना टिपण्यासाठी अमेरिकी सैन्याने कार्बाइन बंदुकीवर जी अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी अंधारात पाहणारी) दुर्बीण बसवली होती, तिचीच ही सुधारित आवृत्ती. बंदूक आणि पाठीवरची बॅटरी धरून या सरंजामाचे ओझे बारा-तेरा किलोच्या घरात जात असे.

तिची रचना मला फार आवडते. दुर्बिणीला जोडलेल्या दिव्यावरची गडद काच दृश्य प्रकाश अडवते आणि अवरक्त किरण तेवढे बाहेर सोडते; समोरच्या वस्तूवर आपटून परत आलेले हे किरण नळीतल्या चांदी-सिझियमच्या पातळ थरावर पडले की तिथून इलेक्ट्रॉन सुटतात, हजारो व्होल्टच्या दाबाने पुढे खेचले जातात आणि पडद्यावर हिरवे चित्र उमटवतात. सत्तर वर्षांनी असा थर शाबूत असेल, अशी मला आशा नव्हती. जुनी बॅटरी बाजूला ठेवून मी सहा व्होल्टचा पुरवठा जोडला, खोलीत अंधार केला आणि पडद्यावर समोरची खुर्ची उमटली. पुसट होती, कडेला वाकलीही होती, पण खुर्चीच होती.

त्या दिवशी व्हिएतनाममध्ये लढलेले एक वृद्ध स्वयंसेवक खोलीच्या दुसऱ्या टोकाला संग्रहातला स्टारलाइट स्कोप हाताळत बसले होते. १९६० च्या दशकात आलेल्या या स्कोपला स्वतःचा दिवा नसतो. चांदण्यांचा किंवा चंद्राचा जो काही प्रकाश असेल, तोच एकामागोमाग जोडलेल्या तीन नळ्यांमधून हजारो पटींनी वाढवला जातो. चालू केल्यावर त्यातून डासाच्या गुणगुणण्यासारखा बारीक आवाज येतो, आणि तो आवाज ऐकून आजोबा थोडा वेळ गप्पच राहिले.

मी उत्साहाच्या भरात दिवा त्यांच्या दिशेने वळवला. त्यांनी झटकन स्कोप डोळ्यापासून दूर केला. माझ्या डोळ्यांना दिव्याच्या काचेत फक्त मंद तांबूस झाक दिसत होती. त्यांना मात्र हिरवा भडका दिसला होता. इतक्या जुन्या नळीवर असा झोत टाकायला नको होता, ही चूक माझीच, आणि ती नोंदवहीत लिहावी लागली.

“हा दिवा आम्हाला मैदानभर दिसला असता,” ते म्हणाले. ओकिनावात समोरच्याकडे असे यंत्र नव्हते म्हणून हा दिवा चालून गेला, हे मी वाचलेले होते. पण आपणच कोणाच्या तरी दुर्बिणीत पेटलेलो आहोत, ही भावना वाचून येत नाही.

मी दिवा बंद केला. माझा पडदा काळाठिक्कर झाला, खुर्चीही गेली. दाराखालच्या फटीतून येणारा उजेड माझ्या यंत्राच्या कामाचा नव्हता.

“आता तू चष्मा पुसते आहेस,” अंधारातून आवाज आला. मी खरोखरच चष्मा पुसत होते.