भुंगा, नोंद चौथी : मागचे ड्रम आणि तीनदा बसवलेले शू

दिवे घाट उतरून वडकीला चहाला थांबलो, तर डाव्या मागच्या चाकापाशी लायनर (ब्रेकच्या शूवरचा घासणारा थर) जळल्याचा वास. बायको म्हणाली, शेजारच्या ट्रकचा असेल. मलाही तसंच वाटून घ्यायला आवडलं असतं. बाटलीतल्या पाण्याचे चार थेंब रिमच्या फटीतून ड्रमवर (चाकाबरोबर फिरणारा डबा, शू आतून त्याला दाबून ब्रेक लावतात) टाकले, चर्र झालं. उजवीकडे हात लावला, तर ड्रम जेमतेम कोमट. म्हणजे डावं चाक ब्रेक सोडत नव्हतं आणि उजवं धरत नव्हतं. चहा पिऊन तिसऱ्या गिअरमध्ये रमतगमत घरी आलो आणि त्याच रात्री कामाची यादी केली.

आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी : गाडी १९६५ची फोक्सवॅगन बीटल, घरातलं नाव भुंगा. उजव्या हाताचं स्टिअरिंग, ६ व्होल्ट, मागे स्विंग ॲक्सल, चारही चाकांना ड्रम. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा) जुन्या पद्धतीचा, एकाच सर्किटचा, म्हणजे चारही चाकांना ऑइलचा एकच मार्ग. चारांपैकी कुठल्याही चाकाच्या सिलिंडरमधला रबरी कप फुटला की पेडल थेट तळाला जातं आणि उरतो फक्त हँडब्रेक. त्यामुळे ब्रेकच्या बाबतीत ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे धोरण या गाडीत चालत नाही. मी ते दोन वर्षं चालवलं, तो भाग वेगळा.

पहिला शनिवार

चाक अडकण्याची कारणं तीन. मास्टर सिलिंडरच्या दांड्याला मोकळीक नसणं (पिस्टन आणि दांडा यांत साधारण १ मिमी हवी), चाकाकडे ऑइल नेणारी रबरी होज आतून सुजणं, किंवा ड्रमच्या आतलं काहीतरी. पहिलं असतं तर चारही चाकं तापली असती. होजसाठी सोपी परीक्षा आहे : चाक जाम असताना त्याचा ब्लीडर (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा स्क्रू) अर्धा फेरा उघडायचा. दाब अडकलेला असेल तर ऑइल उडतं आणि चाक मोकळं होतं. माझ्याकडे दोन थेंब आले, चाक जिथल्या तिथे. म्हणजे दोष ड्रममध्ये.

आता तो नट. बीटलचा मागचा ड्रम ॲक्सलच्या खाचांवर बसतो आणि ३६ मिमीच्या एकाच नटाने धरलेला असतो. तो गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा. जॅकवर गाडी चढवून या नटाशी कुस्ती खेळणं म्हणजे गाडी अंगावर ओढून घेणं. दोन्ही बाजूंचे आटे सरळच आहेत. उलटा आटा फक्त पुढच्या डाव्या चाकाला. नट फिरू नये म्हणून आडवी घातलेली स्प्लिट पिन गंजून नटाशी एकजीव झाली होती, ती ड्रिलने काढली. मग पाना, त्यावर जुन्या बाजारातून रविवारी उचललेला दीड मीटरचा पाइप, आणि पाइपच्या टोकाला मी. पहिल्या झटक्यात काही नाही. दुसऱ्यात ‘टक्’ असा आवाज आला. पाना तुटला असं वाटून डोळे मिटले, पण नट सुटला होता.

उजवा ड्रम हाताने निघाला. डावा निघेना. जुन्या ड्रमच्या काठाला झिजून कड तयार होते आणि शू तिच्याआड अडकतात. आधी दोन्ही ॲडजस्टर (शू ड्रमच्या जवळ-लांब नेणारे) पूर्ण मागे घ्यायचे, मग ड्रम काढायचा, हे मला ठाऊक होतं. तरी अर्धा तास हातोडी चालवलीच.

आत काय निघालं

दोन चाकं, दोन आजार. उजवीकडे सगळं गिअर ऑइलने माखलेलं. ॲक्सलच्या टोकाचं ऑइल सील गेलं होतं आणि लायनर तेल पिऊन काळे चकचकीत झाले होते. असे लायनर पेट्रोलने धुऊन वापरणारे लोक मला माहीत आहेत. गरम झाले की आतलं तेल पुन्हा वर येतं, फेकायचेच.

डावीकडे शू चांगले, निम्म्याहून जास्त जाडीचे. पण वरची स्प्रिंग निळसर पडलेली आणि वेढ्यांमध्ये नख जाईल एवढी फट. रिटर्न स्प्रिंगचे वेढे मोकळ्या अवस्थेत एकमेकांना चिकटून असायला हवेत. ती ताणली गेली की पेडल सोडल्यावर शू मागे ओढायला जोर उरत नाही, लायनर ड्रमला घासत राहतो, ड्रम तापतो, उष्णतेने स्प्रिंग आणखी ढिली पडते. दुष्टचक्र म्हणतात ते हेच, शब्दशः चाकातलं. भरीला हँडब्रेकची केबल गंजून आवळलेली.

आमच्या भागातले एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांना स्प्रिंगा दाखवायला नेल्या.

“साहेब, फरशीवर टाकून बघितल्या का?”

“टाकून काय होणार, चाचा?”

त्यांनी एक नवी, एक जुनी अशा दोन स्प्रिंगा टाकल्या. नवी ‘ठप्’ करून पडली, जुनी किणकिणली. वेढे मिटलेले असले की आवाज दबतो, सुटलेले असले की वाजतो. माझ्या आठपैकी पाच वाजल्या. (प्रत्येक चाकाला दोन रिटर्न स्प्रिंगा आणि शू मागच्या प्लेटला धरून ठेवणाऱ्या दोन छोट्या. चाचांनी छोट्याही टाकून बघितल्या. त्या दाबाच्या असल्यामुळे त्यांना ही परीक्षा लागू नाही असं मला वाटतं, पण चाचांशी वाद घालत नाही.)

धुळीबद्दल एक गोष्ट. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, फुंकायचं तर मुळीच नाही. मी साबणाचं पाणी फवारून ओल्या फडक्याने पुसलं, फडकी पिशवीत बांधून टाकली.

मधले तीन आठवडे

सामान जमवण्यात गेले. बीटल मेक्सिकोत पुएब्लाला २००३च्या जुलैपर्यंत बनत होती, म्हणून साठ वर्षांच्या गाडीचे सील, कप आणि स्प्रिंगा आजही नव्या मिळतात. शू मात्र जुनेच ठेवले. नाना पेठेत लायनर काढून नवे रिव्हेट मारून आणले. रिव्हेटचं डोकं लायनरच्या पृष्ठभागापासून पुरेसं खाली आहे ना, हे दुकानातच बघून घ्या. ड्रम लेथवर दिले. २३० मिमीचे ड्रम, दोन्हीकडून सारखीच टर्निंग करायला सांगितली. एकाच बाजूचा ड्रम कापला तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. व्हील सिलिंडर (चाकातले, शू बाहेर ढकलणारे) आतून गुळगुळीत निघाले, फक्त कप बदलले. कपांना ब्रेक ऑइलच लावायचं. ग्रीस लावलं की रबर फुगतं.

बसवणं, पहिल्यांदा

उजवीकडून सुरुवात. आधी ऑइल सील, त्याच्या आतली रिंग, बेअरिंगच्या झाकणाचं गास्केट. हे शूच्या आधी आटपलं, नाहीतर नवे लायनरही तेलात न्हायले असते.

शू बसवण्याची माझी पद्धत : खालची स्प्रिंग दोन्ही शूंना आधीच अडकवायची, हँडब्रेकचा लिव्हर असलेला शू गाडीच्या मागच्या बाजूला, दोन शूंमधली हँडब्रेकची पट्टी खाचांत, आणि हा सगळा संसार एकदम उचलून खाली ॲडजस्टरमध्ये बसवायचा. मग वरची टोकं व्हील सिलिंडरच्या खाचांत. वरची स्प्रिंग शेवटी. पक्कडीने ओढायला गेलं की ती सुटून थेट कपाळाकडे येते (पुरावा अजून कपाळावर आहे). नायलॉनच्या दोरीचा फास हुकात घालून ओढली, एका दमात बसली. सिलिंडरचे पिस्टन बाहेर उडी मारू नयेत म्हणून तोवर त्यांना तारेने बांधून ठेवलं होतं.

ड्रम चढवला, तर चढेना. शू एका बाजूला कलले होते. ॲडजस्टरच्या डोक्यातली खाच तिरपी असते आणि शूचं टोकही तिरपं. मी एक खाच उलटी फिरवून बसवली होती. सगळं उतरवलं.

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा

दुसऱ्यांदा ड्रम चढला, पण हँडब्रेक ओढल्यावर चाक ढिम्म. पट्टी लिव्हरच्या खाचेतून निसटून नुसतीच वर टेकली होती. पुन्हा सगळं उतरवलं. तोपर्यंत अंधार पडला, शेजारचा मुलगा बॅटरी धरून उभा होता आणि “काका, डावीकडे कसं होतं ते बघा ना,” असं तिसऱ्यांदा म्हणाला. डावी बाजू मी मुद्दाम पुन्हा जोडून ठेवली होती, नमुना म्हणून! ती बघायची सोडून मी स्मरणशक्तीवर विसंबलो. एका वेळी एकच चाक उघडं ठेवायचं आणि दुसरं आरसा म्हणून वापरायचं, हे मीच नवख्यांना सांगत असतो. तिसऱ्यांदा बसलं.

डावी बाजू दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटांत झाली.

नट आवळायला ३० किलोग्राम-मीटर जोर लागतो. माझा टॉर्क पाना तिथवर जात नाही. पण शेजारच्या मुलाचं वजन ६० किलो, आणि नटापासून आडव्या पान्यावर अर्ध्या मीटरवर खूण केली की हिशेब जमला. तो खुणेवर अलगद उभा राहिला, उडी न मारता. पिनेचं भोक जुळलं नाही तर नट आणखी पुढे न्यायचा, मागे कधीच नाही.

ॲडजस्टर : प्रत्येक चाकाला दोन दातेरी चक्र्या, एकेका शूसाठी एक, आणि त्या उलट्या दिशांनी फिरतात. ड्रम जाम होईपर्यंत फिरवायचं, मग थोडं मागे. मधून मधून पेडल दाबायचं, म्हणजे शू मध्यावर येतात.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना गाडीच्या पुस्तकातला क्रम डोळे झाकून पाळू नका. ‘आधी उजवं मागचं’ हे डाव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी लिहिलेलं आहे. सर्वांत लांबचं चाक आधी, हा त्यामागचा नियम. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून सुरुवात डाव्या मागच्यापासून. जुनं ऑइल चहाच्या रंगाचं निघालं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं : डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी पिऊन १४० पर्यंत उतरतं. एक पावसाळा पुण्यात आणि दोन फेऱ्या कोकणात, म्हणजे विचार करा.

काल

सकाळी मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगाने वीसेक वेळा हलके ब्रेक मारून लायनर बसू दिले. मग सासवडला जाऊन दिवे घाट उतरलो, त्याच टपरीवर थांबलो. दोन्ही ड्रम सारखे गरम, पाणी टाकलं तर नुसती वाफ, चर्र नाही. वास फक्त चहाचा.

हँडब्रेक मात्र अजून मनासारखा नाही. चौथ्या टकटकीला दोन्ही चाकं धरायला हवीत. उजवं धरतं, डावं सहाव्याला. केबल तेल घालून मोकळी केली होती, पण आतली तार पिळलेली आहे. नवी मागवली आहे, आली की पुढच्या नोंदीत. तोवर उतारावर चाकाला दगड.