वरचा मजला रिकामा असतो तेव्हा

जुन्या इमारतींच्या जतनाची चर्चा बहुतेक वेळा दर्शनी भागापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. कमानी कशा आहेत, माथ्यावर बांधकामाचे साल कोरलेले आहे का, रंग कोणता द्यावा, यांवर लोक तावातावाने बोलतात. लहान शहराच्या मध्यवस्तीतली इमारत मात्र आधी वरच्या मजल्यावर खचू लागते आणि ते रस्त्यावरून दिसत नाही, हे माझे मत गेल्या काही वर्षांत पक्के होत गेले आहे.

अशा इमारतींची घडण जगभर साधारण सारखीच असते: खाली दुकान, वर राहती घरे, कचेऱ्या किंवा एखादे सभागृह. दुकान चालू राहते, पण वरचे बिऱ्हाड एकदा हलले की परत कोणी येत नाही. मग कधीतरी दुकानाची रुंदी वाढवायची म्हणून रस्त्याकडून वर जाणारा जिनाच काढून टाकला जातो आणि वर काय चालले आहे ते मालकालाही कळेनासे होते.

अशा एका बंद मजल्यावर मी शिडी लावून चढलो होतो. गळतीखाली कोणीतरी बादली ठेवलेली होती. ती कोरडी होती, पण तिच्या आतल्या बाजूला एकाखाली एक अशी गाळाची वर्तुळे उमटली होती. कितीतरी वेळा ती भरली होती आणि आपोआप आटली होती. छताच्या कडेची पन्हळ पानांनी तुंबली, की पाणी कठड्यात मुरते, तिथून भिंतीत उतरते आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोके आतल्या आत कुजू लागतात. तुळईचा मधला भाग ठणठणीत वाटतो. टोकाला स्क्रू ड्रायव्हर टोचला, तर तो मुठीपर्यंत आत जातो. पन्हळ साफ करणे हे अर्ध्या दिवसाचे काम, पण त्यासाठी वर कोणीतरी राहत असावे लागते, निदान गळती लागल्यावर ओरडणारा एक भाडेकरू तरी.

दुरुस्तीच्या नावाखाली होणारे नुकसान वेगळेच. चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंतीतल्या दरजा सिमेंटने भरल्या, की काम मजबूत झाले असे सगळ्यांना वाटते. चुना मऊ असतो आणि भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंट ती वाट अडवते, म्हणून ओल विटेतून बाहेर येऊ लागते, क्षार विटेच्या पृष्ठभागालगत साठतात आणि विटेचे तोंडच पापुद्र्यांसारखे सुटते. दरज विटेपेक्षा मऊच हवी, कारण झिजलेली दरज पुन्हा भरता येते. त्या मातीची, त्या भट्टीची वीट पुन्हा मिळत नाही.

अमेरिकेतल्या लहान शहरांमध्ये १९५० आणि १९६०च्या दशकांत याहून गमतीदार प्रकार झाला. शहराबाहेरच्या नव्या बाजारपेठांशी स्पर्धा करायची म्हणून मध्यवस्तीतल्या अनेक दुकानदारांनी जुन्या दर्शनी भागांवर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोकले. पुढे पत्रे उतरवल्यावर पुष्कळ ठिकाणी खालचे विटकाम शाबूत निघाले. पत्रा सपाट बसावा म्हणून जिथे पुढे आलेली नक्षी छाटली होती, तिथे मात्र काही उरले नव्हते. आणि पत्र्यामागे खिडक्याही झाकल्या गेल्या होत्या, म्हणजे वरचा मजला नुसता रिकामा नव्हे, अंधाराही झाला होता.

त्याच देशात नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या संस्थेने १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्स या तीन लहान शहरांत एक प्रयोग सुरू केला आणि त्यातून ‘मेन स्ट्रीट’ हा कार्यक्रम उभा राहिला. मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही, की प्रत्येक शहरात एक पूर्णवेळ व्यवस्थापक नेमला गेला. मालकांशी बोलणे, दुकानदारांना एकत्र आणणे, रस्त्यावर गिऱ्हाईक टिकवणे, हे इमारतीच्या दुरुस्तीइतकेच जतनाचे काम मानले गेले.

कायद्याबद्दल मात्र लोकांचे गैरसमज फार. तिथे १९६६च्या कायद्याने ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही उभी केली, पण नुसती त्यात नोंद झाली म्हणून खाजगी मालकाला स्वतःच्या पैशाने इमारत पाडण्यापासून कोणी अडवू शकत नाही. ती ताकद असलीच तर स्थानिक नियमांत असते. जुन्या वस्तीसाठी असे स्थानिक नियम चार्ल्सटन शहराने १९३१ मध्येच केले होते, पण सुरुवातीला त्यांचा भर इमारतींच्या बाह्यरूपावर होता. पात्र ऐतिहासिक इमारतीच्या नूतनीकरणाच्या खर्चावर २० टक्के करसवलत मिळते, पण ती उत्पन्न देणाऱ्या इमारतीलाच, मालकाच्या स्वतःच्या राहत्या घराला नाही. म्हणजे वरचा मजला भाड्याने देण्याचा विचार करणाऱ्याला सवलत उपयोगी पडते. ही अट मला रास्त वाटते.

वरचा मजला पुन्हा वापरात आणताना खरी अडचण येते ती आगीच्या नियमांची, कारण बाहेर पडायला बहुधा दुसरी वाट लागते आणि अरुंद इमारतीत दुसरा जिना बसवला तर भाड्याने द्यायला जागाच उरत नाही. शेजारच्या इमारतीशी भिंत सामाईक असेल आणि मजल्यांची उंची जुळत असेल, तर त्या भिंतीत दार पाडून एकमेकांचे जिने वापरता येतात. लिफ्टही दोघांत एक पुरते. दार पाडायला गवंड्याला फार दिवस लागत नाहीत. जिन्याची झाडलोट कोणी करायची, लिफ्टचे बिल कसे वाटायचे आणि उद्या एकाने इमारत विकली तर दाराचे काय, एवढे कागदावर आणायलाच दोन्ही मालकांची वर्षे जातात.